पीटीचा तास कुठे गेला?

दहावीच्या वर्गाचे वेळापत्रक जानेवारीनंतर पाहावे. गणित, विज्ञान, पुन्हा गणित, मग सराव परीक्षा. शनिवारच्या चौकटीत ‘शा. शि.’ अशी अक्षरे असतात, पण त्या तासाला फळ्यावर भूमितीचे प्रमेय असते. हे आता दहावीपुरते राहिलेले नाही. नववीत अभ्यासक्रम मागे पडला म्हणून आणि खालच्या वर्गांत शिष्यवृत्ती परीक्षेचा जादा तास हवा म्हणून शारीरिक शिक्षणाचाच तास कापला जातो. कोणत्याही विषयाचे शिक्षक ‘आज तुमचा तास मला द्या’ म्हणाले की पीटीचे सर तो निमूट देऊन टाकतात. उलटे घडल्याचे ऐकिवात नाही. पीटीच्या सरांनी कधी गणिताचा तास मागितलाच, तर मुख्याध्यापक आधी त्यांची प्रकृती विचारतील.

आजवर या प्रकाराकडे शाळेतली नित्याची तडजोड म्हणून पाहिले गेले. तसे पाहण्याचे दिवस संपले आहेत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ ते २०१८ या काळात देशभर सर्वंकष पोषण सर्वेक्षण केले. त्यात पाच ते एकोणीस या वयोगटातल्या दर दहा मुलांमागे एकाच्या रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली. किशोरवयीन मुलांपैकी ५ टक्क्यांचा रक्तदाब वाढलेला होता. हे सर्व करोनापूर्वीचे. त्यानंतर हीच मुले दोन वर्षे घरात कोंडली गेली, आणि दारे उघडल्यावर आपण सर्वांनी मिळून ‘बुडालेला अभ्यास’ भरून काढायला घेतला. बुडालेला खेळ भरून काढण्याचे परिपत्रक मात्र निघाले नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. राज्यांमध्ये सर्वाधिक प्रमाण शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के. म्हणजे तिथल्या दर चार प्रौढांमागे एकाहून अधिक. हे आकडे आजच्या प्रौढांचे आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांचे बालपण डबा ऐसपैस, विटीदांडू आणि अंधार पडेपर्यंतच्या क्रिकेटमध्ये गेले होते. तरीही त्यांची ही अवस्था झाली. जी पिढी तेवढीही खेळलेली नाही, ती चाळिशीला पोहोचेल तेव्हा रुग्णालयांच्या ओपीडीत काय चित्र असेल, याचा अंदाज करायला तज्ज्ञ लागत नाही.

‘आमचा मुलगा तर काडी आहे, त्याला कसला मधुमेह!’ असे म्हणणाऱ्या पालकांना उत्तर पुण्यात मिळाले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे पाऊण किलोने हलकी होती, पण कमतरता होती ती प्रामुख्याने स्नायूंची आणि पोटातल्या अवयवांची. त्वचेखालची चरबी त्यांनी जवळपास राखून ठेवली होती. दिसायला किडकिडीत, आतून चरबीचे. संशोधकांनी याला ‘थिन-फॅट’ म्हटले. पुढे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र छापून आले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. सोबतच्या मजकुरात थट्टेने नोंदवले होते की युडकिन मॅरेथॉन धावतात, आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी तिथवर पळत पोहोचणे.

थट्टा बाजूला ठेवली तरी मुद्दा गंभीर आहे. आपली मुले मुळातच स्नायूंचे भांडवल कमी घेऊन जन्माला येतात. जेवणानंतर रक्तात आलेली साखर खेचून घेण्याचे मोठे काम स्नायू करतात, आणि हे स्नायू धावल्याने, लोंबकळल्याने, उड्या मारल्याने वाढतात. हाडांचेही तेच. माणसाच्या हाडांची बहुतांश घडण विशीपर्यंत होऊन जाते. साठीला मोडणाऱ्या खुब्याची कच्ची बाजू पंधराव्या वर्षी तयार झालेली असू शकते. त्यामुळे खेळ हा जाड मुलांना बारीक करण्याचा उपाय, ही समजूत आपल्या देशात तरी घातक आहे. बारीक मुलाला खेळाची गरज कदाचित जास्तच आहे.

गरज किती, हेही ठरलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी, आणि त्यातले आठवड्यातून निदान तीन दिवस जोरकस खेळ आणि हाडा-स्नायूंना बळ देणारा व्यायाम हवा. याच संघटनेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये १४६ देशांतल्या शाळकरी मुलांची आकडेवारी मांडली, तेव्हा अकरा ते सतरा वयोगटातली ८१ टक्के मुले या किमान पातळीच्या खाली निघाली. भारताचा आकडा ७४ टक्क्यांच्या आसपास होता. जगापेक्षा आपण बरे, असे म्हणून कोणी त्यावर समाधान मानणार असेल तर मानो. चारांतली तीन मुले तासभरही हलत नाहीत, हा त्याचा साधा अर्थ आहे.

आता शाळेकडे वळू. आठवड्याला दोन किंवा तीन तास, प्रत्येकी पस्तीस-चाळीस मिनिटांचे. त्यातली दहा मिनिटे रांगेने मैदानावर जाण्यात आणि हजेरीत जातात. मग शाळेच्या संघातली चौदा-पंधरा मुले सराव करतात, उरलेली पन्नास झाडाखाली गप्पा मारतात किंवा चेंडू आणून देतात. ज्या मुलाला धावता येत नाही, ज्याला चेंडू झेलता येत नाही, त्याला म्हणजे ज्याला या तासाची सर्वाधिक गरज आहे त्याला, कोणी बोलावत नाही. त्यात आपली एक जुनी खोड आहे. गृहपाठ केला नाही, मैदानाला पाच फेऱ्या मार. वर्गात बोललास, शंभर उठाबशा काढ. धावणे ही शिक्षा आहे, हे आपण मुलांना इतक्या लहानपणी आणि इतक्या चोखपणे शिकवतो की मोठेपणी ट्रॅकसूट विकत घेऊनही ते विसरता येत नाही.

क्रीडाशिक्षकांना यात दोष देणे अन्याय होईल. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाची तरतूद आहे, पण ती अंशकालीन निदेशकाची, आणि तीही पटसंख्या शंभरावर असेल तर. राज्यातल्या कला, क्रीडा आणि कार्यानुभवाच्या अंशकालीन निदेशकांनी नोकरी टिकवण्यासाठी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या. जे पूर्णवेळ आहेत, त्यांच्याकडे क्रीडांगणाशिवाय सगळे असते: निवडणुकीची कामे, ऑनलाइन माहिती भरणे, सहलीची बस ठरवणे, प्रार्थनेला माइक लावणे.

तासाप्रमाणेच जागाही गेली, आणि ती आपल्या डोळ्यांदेखत गेली. शाळेला मैदान असलेच पाहिजे, हे शिक्षण हक्क कायदा सांगतो. मार्च २०२३ मध्ये हरियाणातल्या एका शाळेच्या मैदानावरील अतिक्रमणाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले, तेव्हा मैदानाशिवाय शाळा असू शकत नाही, असे न्यायालयाने बजावले. त्याआधी डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतल्या एका प्रकरणात याच न्यायालयाने सांगितले होते की इमारतीसाठीची किमान मनोरंजनाची मोकळी जागा जमिनीवरच आणि आकाशाखालीच हवी, पोडियमच्या छतावर नव्हे. निकाल स्पष्ट आहेत. प्रत्यक्षात शहरातल्या कितीतरी शाळांचे ‘मैदान’ म्हणजे स्कूलबस वळवण्यापुरते फरसबंद अंगण असते. मुंबईत सार्वजनिक मोकळी जागा दरडोई दीड चौरस मीटरही नाही, आणि नगरनियोजनाचे केंद्रीय निकष दहा-बारा चौरस मीटरची भाषा करतात. एक मूल हात पसरून गोल फिरले तर त्याच्या वाट्याचे मैदान संपते.

जी मैदाने उरली आहेत, त्यांच्यावरही मुलांचा हक्क शेवटचा. सभा, मंडप, लग्ने, महोत्सव, फटाक्यांचे स्टॉल, प्रदर्शने झाली की उरलेल्या दिवसांत मंडपाचे खिळे वेचत खेळायचे. सोसायटीच्या आवारात ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’ ही पाटी ‘नो पार्किंग’पेक्षा ठळक असते आणि तिची अंमलबजावणीही अधिक कडक होते; गाडीला ओरखडा पडू नये म्हणून किती कळवळा! शहरांच्या कडेला रिकाम्या भूखंडांवर आता जाळ्या लावलेले टर्फ उभे राहिले आहेत. तिथे तासाचे भाडे देऊन क्रिकेट खेळता येते. वाईट काही नाही. पण काल जिथे चप्पल स्टंपासारखी रोवून फुकट खेळत होते, तिथे आज प्रत्येकाने वर्गणी काढल्याशिवाय चेंडू पडत नाही. कामगाराच्या आणि घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलाने ही वर्गणी कुठून आणायची?

मोबाइलवर खापर फोडणे सर्वांत सोपे. त्याचा दोष आहेच. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीनुसार चौदा ते सोळा वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो आणि ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात समाजमाध्यमे वापरली होती. पण जे मूल खाली खेळायला गेले तर वॉचमन हाकलतो, रस्त्यावर गेले तर दुचाकी उडवते आणि घरी बसले तर ‘गुणी’ ठरते, त्याने त्या पडद्यात शिरण्यावाचून दुसरे काय करावे, हेही सांगायला हवे.

मग पालक म्हणतात, आम्ही मुलाला अकादमीत घातले आहे. घातले असेल. आपल्याकडे खेळ म्हणजे पदक, आणि पदक नाही तर वाढीव गुण, अशी एक विचित्र पायवाट पडली आहे. राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्यांना दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात, म्हणून नववीपर्यंत धनुर्विद्या किंवा स्केटिंग. गुण पदरात पडले की साहित्य माळ्यावर. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले, मग पॅरिसमध्ये २०२४ साली कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे जिंकला. दरम्यान आपण फ्लेक्स लावायला शिकलो. या वीरांचा अभिमान जरूर बाळगावा. पण ज्याला कधीच पदक मिळणार नाही, जिल्हा स्पर्धेतही निवड होणार नाही, त्या कोट्यवधी मुलांच्या घामाची जबाबदारी कोणत्या खात्याची? क्रीडा खाते गुणवंत शोधते, शिक्षण खाते गुण मोजते, आरोग्य खाते आजारी पडल्यावर भेटते. नगरविकास खाते तर या चर्चेत बोलावलेलेच नसते, आणि जागा त्याच्या हातात आहे.

मुलींबद्दल वेगळे लिहिले पाहिजे, कारण त्यांच्यासाठी सगळे थोडे आधी संपते. त्याच जागतिक पाहणीत पुरेशी हालचाल न करणाऱ्या मुलग्यांचे प्रमाण ७८ टक्के होते, मुलींचे ८५. आपल्याकडे सहावीपर्यंत लंगडीत सर्वांना बाद करणारी मुलगी आठवीत कट्ट्यावर दप्तरे सांभाळताना दिसते. पाळी सुरू होते, शाळेतल्या स्वच्छतागृहाला पाणी नसते, मैदान मुलग्यांच्या क्रिकेटने व्यापलेले असते, आणि घरून ‘आता उड्या मारायचे वय राहिले नाही’ हे बजावलेले असते. मंगळागौरीला बायकांनी रात्रभर फुगड्या आणि झिम्मा घालायचा, त्याचे कौतुक करायचे, ही रीत आपल्याच समाजाची. तेव्हा संस्कृतीची सबब पुढे करणाऱ्यांनी ती जरा जपून करावी.

गावाकडची मुले निसर्गात हुंदडत असतात, हा शहरी संपादकांचा (आमच्यासह) आवडता गैरसमज. अंगणापर्यंत शाळेची व्हॅन येऊ लागली आहे, आणि जिथे येत नाही तिथे मुलांच्या पायांना आराम नाही आणि पोटात पुरेसे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९ ते २०२१) महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालील ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. याच फेरीत या वयोगटातल्या लठ्ठ मुलांचे प्रमाण आदल्या फेरीच्या दुपटीने वाढले: १.९ टक्क्यांवरून ४.१. खुंटलेली आणि लठ्ठ मुले एकाच जिल्ह्यात, कधी एकाच घरात. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेल्या पोराला ‘रोज एक तास खेळ’ सांगणे ही क्रूर चेष्टा ठरेल. त्याला आधी शाळा, पोटभर आहार आणि कामातून सुटका हवी. आहाराची दुसरी बाजू शहरातल्या शाळांच्या फाटकावर दिसते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत जादा चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ विकायला बंदी घातली. ते पन्नास मीटर कोणी मोजले असल्यास आम्हाला कळवावे.

उपाय महाग नाहीत, हेच या सगळ्यातले संतापजनक आहे. स्कॉटलंडच्या स्टर्लिंग शहरात २०१२ मध्ये एलेन वायली या मुख्याध्यापिकेने मुलांना रोज पंधरा मिनिटे वर्गातून बाहेर काढले आणि जमेल तसे चाला, धावा, असे सांगितले. गणवेश बदलायचा नाही, स्पर्धा नाही, वेळ नोंदवायची नाही. ‘डेली माइल’ या नावाने ते अनेक देशांत पोहोचले. चीनच्या ग्वांगजौमध्ये पहिलीच्या मुलांना शाळेत रोज चाळीस मिनिटे जादा वेळ बाहेर उजेडात ठेवले. तीन वर्षांनी त्यांच्यात चष्मा लागण्याचे प्रमाण ३०.४ टक्के होते, बाकीच्यांत ३९.५. पाठ्यपुस्तकात डोके खुपसून बसलेल्या मुलांना पुस्तक नीट दिसावे, यासाठीसुद्धा बाहेर सोडावे लागते.

आणि परदेशाकडे पाहण्याचीही आपल्याला फारशी गरज नव्हती. अमरावतीच्या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथले पथक मल्लखांब आणि कबड्डी दाखवून आले. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ सुरू केले. खो-खोची नियमावली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर बेतली गेली. या खेळाला २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद जागा आणि दोन खांब पुरतात. बॅट नको, बूट नको, भाडे नको. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताने पुरुष व महिला दोन्ही गटांत तो जिंकला. दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. सत्कार झाले, बक्षिसे जाहीर झाली. ज्या शाळांत हे दोन खांब उभे नाहीत, तिथे ते उभे करण्याचा आदेश मात्र आमच्या पाहण्यात नाही.

सरकारला वेळापत्रक बदलता येत नाही, असेही नाही. मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय घेतला. झोपेसाठी जे जमले ते खेळासाठी जमायला हरकत नसावी. पहिली ते दहावी रोज एक तास मैदानाचा, आणि तो अन्य विषयासाठी वळवता येणार नाही, एवढे दोन ओळींचे बंधन पुरे. त्या तासाला गुण देऊ नयेत. गुण दिले की त्याचीही शिकवणी निघेल. महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या शाळांची मैदाने संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी वस्तीतल्या मुलांसाठी उघडावीत, त्यातले काही तास फक्त मुलींसाठी राखावेत. तालुक्यांची क्रीडा संकुले कुलुपात ठेवण्यासाठी बांधलेली नाहीत. पाचशेच्या वर पट असलेल्या शाळेला पूर्णवेळ क्रीडाशिक्षक मिळू नये, ही लाज आहे. त्याचा खर्च पुढच्या डायलिसिस केंद्रांपेक्षा कमीच येईल. मुंबई-दिल्लीसारख्या शहरांत हिवाळ्यात हवा इतकी वाईट असते की बाहेर धावावे की नाही असा प्रश्न पडतो, पण त्याचे उत्तर हवा सुधारणे हे आहे, मुले कोंडणे नव्हे.

पालकांनाही सुटका नाही. शिकवणीचा तिसरा वर्ग लावण्यापूर्वी मुलगा शेवटचा घामाघूम कधी झाला होता, हे आठवून पाहावे. अकरावी-बारावीच्या इंटिग्रेटेड वर्गांत तर दोन वर्षे शरीर गहाण ठेवायचे आणि नीटचा निकाल लागला की सोडवायचे, असा सौदा राजीखुशीने होतो. गहाण ठेवलेली वस्तू जशीच्या तशी परत मिळेल, ही खात्री या सावकाराने कोणालाही दिलेली नाही.

जूनमध्ये शाळा उघडतात आणि वेळापत्रके त्याआधीच मुख्याध्यापकांच्या टेबलावर आखली जातात. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. विनाअनुदानित शाळांत पालक-शिक्षक संघ आहे. या वर्षीच्या पहिल्या बैठकीत रंगरंगोटी आणि गणवेशाच्या कापडाआधी तीन प्रश्न विचारले जावेत, आणि त्यांची उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत. रोजचा मैदानाचा तास कोणत्या चौकटीत आहे? तो घेणार कोण? आणि तो दुसऱ्या विषयाला दिला गेला, तर त्याची नोंद कोण ठेवणार?